रंगूनच्या गेटपाशी

रंगूनला मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी जहाज तिथं तीन दिवस होतं आणि त्यातले साडेपाच तास मी जमिनीवर होतो. दुसऱ्या वेळी त्याहूनही कमी. एवढ्या वेळात शहर कळत नाही, हे मला मान्य आहे. पण त्या साडेपाच तासांत माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती मी दहा-बारा वर्षांत आईशिवाय कुणाला धड सांगितली नाही. आता जहाजाची नोकरी सुटलीय. डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत, त्यामुळे मशिनरीचं काम बंद झालं आणि मी राजूरला घरी आलो. वेळ आहे, तर लिहून काढतो.

मी इंजिन रूममध्ये ऑइलर होतो. संगमनेरला फिटरचा आयटीआय केला, मग मुंबईत खलाशाचं ट्रेनिंग, आणि तिथून थेट जहाजाच्या पोटात. ऑइलरचं काम म्हणजे चार-चार तास मशिनांमधून फिरत राहायचं. पंपाला हात लावून बघायचं, बेअरिंग तापलंय का, आवाज बदललाय का, कुठं तेल गळतंय का. सगळं ठीक आहे असं ज्याला वाटतं तो ऑइलर कामाचा नाही, असं आमचा सेकंड इंजिनिअर म्हणायचा. हे मला शिकवावं लागलं नाही. शंका घेणं आमच्या घरात आधीपासूनच होतं.

आमचं घर बौद्ध. वडील तरुणपणी देवळाली प्रवरेकडं शुगर फॅक्टरीच्या कामाला गेले होते. वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले, पण राहायला खोली मिळेना. खोलीवाला आधी नाव विचारायचा, मग गाव, मग आडनाव. आडनाव ऐकलं की म्हणायचा, खोली कालच दिली. तीन ठिकाणी असं झाल्यावर वडिलांनी आडनाव सांगणंच सोडून दिलं. पुढं म्हातारपणापर्यंत कुणी एसटीत शेजारी बसून "पाव्हणं, कुठले तुम्ही?" असं गोडीत विचारलं, की त्यांचा चेहरा बंद व्हायचा. ते उलट त्यालाच विचारायचे, तुम्ही कुठले. विचारणारा बहुतेक वेळा सहज विचारत असेल. पण सहज कोण विचारतंय आणि आत काय ठेवून कोण विचारतंय, हे आधी कळायची सोय नव्हती.

पहिल्यांदा बोटीवर निघालो तेव्हा आई राजूरच्या स्टँडपर्यंत, जीप सुटेपर्यंत सोबत होती. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. मोठं पाणी म्हणजे तिच्या लेखी भंडारदऱ्याचं धरण. पण तिला पाण्याची भीती नव्हती, माणसांची होती.

"कुनाच्या हातचं काय खाऊ-पिऊ नको," ती म्हणाली. "आन कुनी लईच गोड बोलाय लागलं, तर त्याला आपलं काय बी सांगू नको."

हे मी सतरा बंदरांमध्ये पाळलं. रंगून अठरावं असेल.

रंगून समुद्रावर नाही, नदीवर आहे. भरती बघून पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, जहाज आत घेतो. मी त्या वेळी खाली इंजिन रूममध्ये होतो, त्यामुळे येताना काही दिसलं नाही. इंजिन बंद झाल्यावर घाम पुसत वर डेकवर आलो तर पुराच्या प्रवरेसारखं गढूळ पाणी, त्यात होड्यांची गर्दी, आणि रस्त्यापलीकडं लाल विटांच्या चार-चार मजली इमारती. खांबच खांब, वर घड्याळाचा मनोरा, आणि भिंतींच्या सांध्यांतून उगवलेले पिंपळ. ट्रेनिंगच्या वेळी मुंबईच्या फोर्टात पाहिलेल्या इमारतींची ही सख्खी भावंडं वाटत होती. त्याच साहेबानं, त्याच नकाशावरून बांधून घेतल्यासारखी. मला ते बघून आपलेपणा वाटायला हवा होता. पण मला वाटलं, एवढ्या मोठ्या खिडक्या, आणि एकाही खिडकीत माणूस कसा नाही?

आमच्या जहाजात तिथून उडदाचे कंटेनर चढायचे होते. दुसऱ्या दिवशी सेकंड इंजिनिअरनं मला सकाळी नऊ ते चार सुट्टी दिली. निघताना बोसननं, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमानं, गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या जिन्यावर, थांबवलं. तो रत्नागिरीकडचा, निवृत्तीला आलेला. मला "घाटावरचा" म्हणायचा. या बंदरात तो पूर्वी पाच-सहा वेळा येऊन गेला होता. त्यानं सांगितलं की इथं कुणी काही पोचवायला दिलं तर हात लावायचा नाही. मागं एका खलाशानं कुणाचं तरी पुडकं घेतलं होतं, त्याचं जहाज निघून गेलं आणि तो इथंच राहिला.

"पास सांभाळ आणि तोंड सांभाळ," बोसन म्हणाला. "बाकी काय व्हायचं ते होऊ दे."

शोअर पास म्हणजे बंदराबाहेर पडण्याचा परवाना. तळहाताएवढा कागद, त्यावर शिक्का आणि फोटो. पासपोर्ट जहाजावरच राहतो. जमिनीवर तुम्ही कोण, याचा तेवढा एकच पुरावा तुमच्याजवळ असतो. गेटवरच्या गार्डनं माझा पास घेतला, फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. मग पास दिला, पण मी रस्ता ओलांडेपर्यंत तो माझ्याकडं बघत होता. मी पास शर्टाच्या खिशात ठेवला. शंभर पावलांवर वाटलं की शर्टाचा खिसा गर्दीत कुणीही मारील, म्हणून तो पँटच्या खिशात घातला.

रस्ते सरळ होते, एकाला एक समांतर, आणि त्यांना नावांऐवजी नंबर होते. फूटपाथवर हातभर उंचीची प्लॅस्टिकची स्टुलं मांडून लोक चहा पीत होते. बायकांच्या गालांवर कसलंसं पिवळं खोड उगाळून लावलेलं. पुरुष लुंगीत. भिंतींचे कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेले, ते मात्र ओळखीचं होतं. एका गल्लीत शिरलो तर प्रत्येक मजल्याच्या गॅलरीतून रस्त्यापर्यंत एकेक दोरी लोंबत होती आणि टोकाला चिमटा. वीस-पंचवीस दोऱ्या. मी थांबलो. कुणी अनोळखी आलं की खालून दोरी ओढून वरच्यांना खूण करत असतील, असं माझ्या मनात आलं.

"पेपरवाला आला की त्याला पेपर लावतो," मागून कुणीतरी हिंदीत म्हणालं. "वरचे ओढून घेतात. जिने चढायला नकोत."

वळून पाहिलं तर साठीच्या पुढचा एक बारीक माणूस. चौकड्याची लुंगी, पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात मिटलेली छत्री, काखेत रेक्झिनची पिशवी. चेहरा आपल्याकडचा. त्याचं हिंदी जुन्या वळणाचं होतं, मधूनच एखादा शब्द तिकडच्या भाषेतला. तो हसला आणि त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, इंडियाचा का? दुसरा प्रश्न, नाव काय? तिसरा, गाव कोणतं, घर कुणाचं?

मी एक खोटं नाव सांगितलं. गाव पुणे सांगितलं. त्यानं पुण्यात कुठं असं विचारल्यावर मी घड्याळ बघितलं आणि चालायला लागलो. तोही चालायला लागला. तो जपून बोलत होता, म्हणजे सारखं आजूबाजूला बघत, कुणी जवळून गेलं की आवाज खाली आणत. त्याचा आजा बिहारकडून इंग्रजांच्या वेळी इथं आला, धक्क्यावर माल चढवायच्या कामाला. त्या काळात बोटी भरून माणसं यायची, तो म्हणाला, आणि समोरच्या त्या मोठ्या इमारतीत त्यांची नावं लिहून घेतली जायची. त्यानं ती इमारत छत्रीनं दाखवली. मी बघितली, पण माझं लक्ष त्याच्या दुसऱ्या हाताकडं होतं.

चहा पिऊ म्हणाला. नको म्हटलं तरी त्यानं एका दुकानाशी दोन स्टुलं ओढली. तिथं त्याला ओळखत असावेत, कारण न सांगता चहा आला. जाड दुधाचा, वर साय. मी कप हातात धरून बसलो. तो पितोय का बघत होतो. त्याच्या ते ध्यानात आलं. त्यानं माझा कप उचलून स्वतःकडं घेतला, एक घोट प्यायला, आणि त्याचा कप माझ्यापुढं सरकवला. मला शरम वाटली. पण शरम वाटली तरी मी त्याच्या दुसऱ्या घोटापर्यंत थांबलोच.

मग त्यानं विचारलं, मी खरंच जहाजावर आहे का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, हात दाखव. मी का म्हणून विचारलं, तर नुसताच हात पुढं करून थांबला. मी तळवे दाखवले. ऑइलरच्या हातांच्या रेषांत काळं तेल मुरलेलं असतं, साबणानं जात नाही. त्यानं ते निरखून बघितलं आणि त्याचे खांदे जरा सैल झाले. तेव्हा मला कळलं की एवढा वेळ हा माणूससुद्धा मला तपासत होता. मी कुणीतरी पाठवलेला असेन अशी त्याला धास्ती होती. खरं म्हणजे हे कळल्यावर मी मोकळं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. ज्याला लपवायला काही नाही तो एवढा कशाला घाबरेल, असं मनात आलं.

त्यानं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेला एक कागद काढला. शेजारच्या स्टुलावर कुणी येऊन बसलं तेव्हा तो परत आत सारला, आणि तो माणूस उठून जाईपर्यंत पावसाबद्दल बोलत राहिला. मग पुन्हा काढला. आजाचा कागद होता, इंग्रजांच्या वेळचा. त्यावर आजाचं नाव आणि गाव इंग्रजीत लिहिलेलं, शाई उडालेली. जन्म इथलाच असूनही त्याला नागरिकाचं पक्कं कार्ड मिळालेलं नाही, कचेरीत सारखं विचारतात, तुझे लोक मूळचे कुठले. तो गावाचं नाव तोंडानं सांगतो, पण कागदावरचं स्पेलिंग आणि तोंडाचं नाव जुळत नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मी मोबाईलमध्ये कागदाचा फोटो घ्यावा आणि इंडियात गेल्यावर असं गाव खरंच आहे का, त्याचं नाव नीट कसं लिहितात, ते बघावं. पुन्हा इकडं येणारा एखादा खलाशी भेटला तर त्याच्याकडून चिठ्ठी धाडावी.

मी कागदाला हात लावला नाही. मोबाईल आणला नाही म्हणून सांगितलं. मोबाईल माझ्या मागच्या खिशात होता.

त्यानं कागद घडी घालून परत ठेवला. रागावला नाही. म्हणाला, ठीक आहे, आणि विचारलं की आता कुठं जायचंय. त्याला टाळायचं म्हणून मी पॅगोडा म्हटलं. तो म्हणाला, हिंदू माणसं सहसा तिकडं जात नाहीत, देवीच्या देवळात जातात, तेही जवळ आहे. मी म्हटलं, मी बौद्ध आहे. जहाजावर आहे हे सोडलं, तर त्या दिवशी मी त्याला सांगितलेली ही एकच खरी गोष्ट, आणि तीच त्याला पटली नाही. इंडियात बौद्ध कुठं राहिलेत, असं म्हणून तो समजुतीनं हसला. मला वाटतं त्या क्षणी त्याची खात्री झाली असेल की मी बाकीचंही खोटंच सांगतोय.

पॅगोडा नदीच्या बाजूला होता, सोन्याच्या पत्र्यानं मढवलेला. पायऱ्यांशी चपला काढायच्या होत्या. तो म्हणाला, तू जा, चपला मी धरतो. पायऱ्यांवर दाटी होती. दोन पायऱ्या चढलो आणि पँटच्या खिशावर कुणाचा तरी हात लागल्यासारखं वाटलं. मी पास काढून मोबाईलच्या मागच्या कव्हरमध्ये सरकवला, मोबाईल परत मागच्या खिशात, आणि वर गेलो.

आमच्या गावच्या विहारात एक मूर्ती, एक फोटो आणि एक सतरंजी आहे. इथं डोळ्यांना सोन्याचा त्रास होत होता. मूर्तींच्या डोक्यामागं रंगीत दिवे फिरत होते. बायका कोपऱ्या-कोपऱ्यांतल्या लहान मूर्तींवर पेल्यानं पाणी ओतत होत्या, आणि कुणी कुठल्या कोपऱ्यात जायचं हे जन्मवारावरून ठरत होतं. हे आपलंच का, असा मला प्रश्न पडला. नवस आणि वार सोडायला तर आमच्या आज्यानं धर्म बदलला होता. तेवढ्यात एका बाजूला बसलेल्या माणसांनी त्रिसरण सुरू केलं. शब्द तेच, पण 'सरणं'चा 'स' त्यांच्या तोंडात 'थ' होत होता. दुसऱ्या ओळीला मला ते ओळखू आलं आणि मी मागं बसून पुटपुटायला लागलो. पुढची एक म्हातारी वळली. तिनं इंग्रजीत विचारलं, हिंदू? मी मान हलवून बुद्धिस्ट म्हटलं. तिनं शेजारणीला काही सांगितलं आणि दोघी माझ्याकडं बघायला लागल्या, गोष्ट खोटी असली तरी गंमतीची आहे अशा चेहऱ्यानं. मग तिनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि बोटांवर वार मोजून दाखवले. माझा वार मला माहीत नव्हता. आई एवढंच सांगते की भात लावणीच्या दिवसांत झालास. मी पहिला दिसला त्या कोपऱ्यात पाणी ओतलं आणि बाहेर आलो.

तो छत्री उघडून उन्हात उभा होता, माझ्या चपला त्याच्या पिशवीवर. चपला घालून मी परत बंदराकडं निघालो. वाटेत तो फारसं बोलला नाही. रस्त्याच्या अलीकडंच थांबला, तिथून पुढं त्याला यायचं नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि रस्ता ओलांडला.

गेटवर गार्डनं हात पुढं केला. मी शर्टाचा खिसा चाचपला. पँटचे पुढचे दोन्ही खिसे उलटे केले. पास नव्हता.

ती भीती सांगता येणार नाही. पासाशिवाय बंदराच्या दारात उभा असलेला माणूस कुणीच नसतो. दुसरा गार्ड बाहेर आला. त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, कुठं गेला होता, कुणाबरोबर होता. मी मागं वळून पाहिलं. तो अजून रस्त्यापलीकडं होता, छत्रीखाली, मी नीट आत जातोय का बघत.

मी बोट दाखवलं. म्हणालो, तो माणूस सकाळपासून माझ्या मागं आहे.

एका गार्डनं शिट्टी मारून त्याला बोलावलं. तो पळाला नाही. छत्री मिटून, दोन्हीकडची वाहनं बघून, रस्ता ओलांडून आला. गार्डनं त्याचं कार्ड मागितलं. त्यानं दिलेलं कच्चं कार्ड बघून गार्डची भाषा बदलली, एवढं मला भाषा न कळताही कळलं. त्याला गेटशेजारच्या खोलीत नेलं. खोलीला काचेची खिडकी होती. त्यातून मला दिसत होतं, टेबलावर त्याची पिशवी पालथी केली गेली. एक रुमाल, चष्म्याचं घर, एक केळं, आणि प्लॅस्टिकमधला तो कागद. गार्डनं तो उघडला, उलटसुलट केला, आणि आजाच्या नावावर बोट ठेवून त्याला काही विचारलं. तो उत्तर देत होता. पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच सांगत असावा. मधे एकदा त्यानं काचेतून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

आमच्या जहाजाच्या एजंटचा माणूस आला, बोसन आला, कसल्यातरी कागदावर माझी सही झाली आणि मला आत सोडलं, तेव्हा त्याचं कार्ड आणि तो कागद गार्डच्याच हातात होते. मागं वळून बघायचं मी टाळलं.

केबिनमध्ये बायकोला मेसेज करायला मोबाईल काढला. कव्हर फुगलेलं होतं.

मी कव्हर काढलं, पास आत होता. मग पास घेऊन बोसनकडं गेलो आणि आत्ताच गेटवर जातो म्हणालो. बोसननं पास हातात घेऊन बघितला.

"आता सापडला म्हणून सांगशील, तर खोटी तक्रार केली म्हणून तुलाच बसवतील," तो म्हणाला. "जहाज उद्या सुटतंय, घाटावरच्या. गप ऱ्हा."

माझी चूक बोसनच्या अंगावर टाकायची नाही. त्यानं मला धरून ठेवलं नव्हतं. गँगवे तिथंच होता, पन्नास पायऱ्या, आणि मी उतरलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. गेटवर वेगळे गार्ड होते. मी पास दाखवला, कालचा माणूस, छत्री, म्हातारा, असं हातवारे करून विचारलं. एकजण म्हणाला, इथं कुणी म्हातारा आणलाच नव्हता. खोलीच्या काचेतून बघितलं, टेबल रिकामं होतं. दुपारच्या भरतीला आम्ही सुटलो.

सुट्टीवर घरी आलो तेव्हा आईला हे सांगितलं. बोट दाखवलं इथपर्यंत सांगितलं आणि पुढचं घाईत उरकलं. तुझंच ऐकलं बघ, असं काहीतरी मी हसत म्हणालो, तिनं पाठ थोपटावी म्हणून. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं.

"आपलं सांगू नको म्हनलं हुतं मी," ती म्हणाली. "दुसऱ्याकडं बोट दाव असं कवा म्हनलं?"

तिनं सूप परत उचललं. मग एवढंच विचारलं, त्याला सोडलं का. मला माहीत नव्हतं. त्यानंतर तिनं हा विषय कधी काढला नाही. वडिलांना सांगायची तर माझी छातीच झाली नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या जहाजावर असताना रंगून लागलं. या वेळी मला सुट्टी दुपारपर्यंतच होती. मी सरळ त्या चहाच्या दुकानाकडं गेलो. बोर्ड बदलला होता, रंग बदलला होता, पण स्टुलं तीच. मालक गल्ल्यावर होता, त्याला हिंदी येत होतं. मी छत्रीवाल्या म्हाताऱ्याचं विचारलं, त्याचा आजा धक्क्यावर होता, इथं बसायचा. मालकानं हातातलं काम थांबवलं नाही. कोण विचारतंय, असं तो म्हणाला.

मी जहाजावरचा खलाशी म्हणून सांगितलं. या वेळी खरं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, राजूर सांगितलं, जिल्हा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता आडनाव सांगितलं असेन. त्याच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. त्याला तेव्हा ते खरं वाटायचं काहीच कारण नव्हतं. असा कुणी माणूस इथं कधी बसला नाही, तो म्हणाला, आणि मी चहा मागितला तर दूध संपलं म्हणाला. शेजारच्या स्टुलांवर दोघं दुधाचा चहा पीत होते.

मी बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत आलो असेन, तेव्हा दुकानात भांडी घासणारी बाई मागून आली. चाळिशीची असेल, हात ओले. ती इकडं-तिकडं बघून हलक्या आवाजात हिंदीत म्हणाली, की तो बाबा आता इथं नाही. मंडालेला गेला, मुलीकडं. तब्येत बरी आहे. आता इथं विचारत फिरू नकोस.

मी विचारलं, कधी गेला? त्या गेटवरच्या भानगडीच्या आधी की नंतर? तिनं कसली भानगड म्हणून विचारलं नाही. ती नुसती म्हणाली, जा आता, आणि परत फिरली.

मी धक्क्याकडं आलो. पास हातातच धरला होता. ती बाई खरं सांगत होती की मला गल्लीतून घालवत होती, हे माझं मला ठरवायचं होतं, आणि मी खरं मानायचं ठरवलं. मुलीच्या घरी गॅलरीत बसलेला, समोर चहा, असा तो मी डोळ्यांपुढं आणला. दोन दिवस ते टिकलं. तिसऱ्या दिवशी जहाज मोकळ्या समुद्रात लागलं होतं, मी पहाटेच्या वॉचला, म्हणजे पाळीला, पंपावर हात ठेवून उभा होतो, आणि मनात आलं, मंडालेपर्यंत जायला त्याला वाटेत कागद विचारले असतीलच. त्यानं कुठले दाखवले?